फुगडीचे हात आणि अणुकेंद्रकातल्या जोड्या

गौरीच्या ओवशाची रात्र होती. गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरासमोरचं खळं सकाळीच सारवून घेतलेलं. आरत्या आटोपल्या आणि बायकांच्या फुगड्या सुरू झाल्या. माझ्या दोन भाच्या अशा काही गरागरा फिरत होत्या की त्यांच्या वेण्या आडव्या झाल्या होत्या. घामाने हात निसटले आणि एक जण थेट पडवीच्या पायरीवर जाऊन आदळली. सगळ्या हसल्या. माझ्या शेजारी बसलेली पुतणी मात्र हसली नाही, विचारात पडली. ती रत्नागिरीला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे.

"आत्या," ती म्हणाली, "अणुकेंद्रक फार जोरात फिरलं की त्यातल्या जोड्या तुटतात, असं वर्गात सांगितलं. ते असंच ना? वेग वाढला की हात सुटले?"

मी बरीच वर्षं महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आहे. हे चित्र मुलांच्या डोक्यात किती घट्ट बसतं ते मला ठाऊक आहे. चित्र देखणं आहे, पण चुकीचं आहे. अणुकेंद्रकातल्या जोडीने एकमेकांचे हात धरलेलेच नसतात. मग तुटतं ते काय? या प्रश्नाचं उत्तर देता देता त्या रात्री आम्हाला बारा वाजले. तिला जे सांगितलं तेच इथे जरा नीट लावून लिहिते आहे.

आधी आकार आणि हिशोब. अणूच्या मध्यभागी असलेलं केंद्रक म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची गच्च बांधलेली मोट. मोठ्यातल्या मोठ्या केंद्रकाचा व्यास साधारण १५ फेम्टोमीटर भरतो. एक फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग. चुलीत लाकूड जळतं तेव्हा कार्बनच्या एका अणूमागे जेमतेम ४ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मिळते. केंद्रकातले व्यवहार याच्या लाखो पटींनी मोठे, म्हणून तिथे दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या मापाने मोजतात. त्याला एमईव्ही म्हणतात. केंद्रकातला एकेक कण सरासरी ८ एमईव्हीच्या जोराने बांधलेला असतो.

ही सरासरी झाली. खरी गंमत सरासरीच्या वरखाली आहे, आणि ती पाहायला कथिलासारखी वस्तू नाही. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात फिरवतो तेच कथील. त्याचे १० स्थिर समस्थानिक आहेत, इतके दुसऱ्या कुठल्याही मूलद्रव्याचे नाहीत. सगळ्यांत प्रोटॉन ५०, न्यूट्रॉन मात्र कमीजास्त. आता यातून एकेक न्यूट्रॉन उपटून काढायचा म्हटला तर किती ऊर्जा लागते ते बघा. कथील-१२० मधून, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून १२० कण असलेल्या कथिलातून, काढायला ९.१ एमईव्ही. कथील-११९ मधून ६.५. कथील-११८ मधून ९.३. कथील-११७ मधून ६.९. न्यूट्रॉनांची संख्या सम असली की महाग, विषम असली की स्वस्त. सम, विषम, सम, विषम, असा आलेख करवतीच्या दात्यांसारखा वरखाली जातो. सम संख्येत प्रत्येक न्यूट्रॉनला जोडीदार आहे. विषम संख्येत एक जण एकटा आहे आणि निघून जाणं त्याला सोपं आहे.

निसर्गाने स्थिर केंद्रकं निवडताना हाच नियम लावलेला दिसतो. प्रोटॉनही सम आणि न्यूट्रॉनही सम, अशा केंद्रकांची स्थिर यादी लांबलचक आहे. दोन्ही विषम असूनही आपल्या तळाच्या, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या, अवस्थेत टिकून राहिलेली केंद्रकं फक्त चार, आणि चारही हलकी: ड्यूटेरियम, लिथियम-६, बोरॉन-१० आणि नायट्रोजन-१४. शेवटचं तर आपल्या प्रत्येक श्वासात आहे. एक विलक्षण अपवाद टॅन्टलम-१८० चा. त्याची तळाची अवस्था काही तासांतच ढळते, पण एक उत्तेजित अवस्था इतकी चिवट आहे की तिचा ऱ्हास आजवर कोणी पाहिलेला नाही.

जोडीचा आणखी एक पुरावा आहे, मला तो सगळ्यांत आवडतो. होडीच्या दोन्ही बाजूंना वल्ही सारख्या जोराने चालली तर होडी सरळ जाते. एका बाजूचं वल्हं थांबलं की ती तिथल्या तिथे गोल फिरू लागते. केंद्रकातला प्रत्येक कण स्वतः फिरत असतो, त्याला स्वतःचा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, असतो. तरी प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्ही सम असलेल्या प्रत्येक केंद्रकाचा, तळाच्या अवस्थेतला एकूण कोनीय संवेग शून्य मोजला गेला आहे. एकही अपवाद सापडलेला नाही. शंभर-दीडशे भोवरे एका डब्यात आणि डबा मात्र निश्चल! कारण प्रत्येक वल्ह्याच्या समोर दुसरं वल्हं आहे.

आता जोडी म्हणजे नेमकं काय, ते सांगते. फुगडी डोक्यातून काढून टाका आणि खळ्यातलं तुळशीवृंदावन डोळ्यांसमोर आणा.

दोन जावा वृंदावनाला प्रदक्षिणा घालताहेत. वाट एकच, चालही सारखीच, पण एक उजवीकडून निघाली आहे आणि दुसरी डावीकडून. कोणी कोणाचा हात धरलेला नाही. तरी प्रत्येक फेरीत त्या दोनदा समोरासमोर येतात. अणुकेंद्रकातलं बल फार कमी अंतरावर चालतं, एक-दोन फेम्टोमीटरच्या पलीकडे ते जवळपास संपतंच. म्हणून वारंवार समोरासमोर येणाऱ्या दोघींनाच त्याचा पुरेपूर लाभ मिळतो. वेगवेगळ्या वाटांनी चालणाऱ्या दोघींची गाठ क्वचित पडते, त्यांचा लाभही तुटपुंजा. आणि या दोघी एकमेकींच्या उलट फिरत असल्यामुळे दोघींचं मिळून फिरणं शून्य. वरच्या होडीचा हिशोब इथे जुळतो.

केंद्रकात अशा ठरीव वाटा असतात हे १९४९ मध्ये मारिया गोपर्ट मायर आणि हान्स येन्सन यांनी स्वतंत्रपणे दाखवलं. त्या कवच-प्रतिकृतीसाठी दोघांना १९६३ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पण नुसत्या वाटा पुरेशा नाहीत. जोडी एकाच वाटेवर अडकून पडत नाही. शेजारची वाट पूर्ण मोकळी असेल तर दोघी एकदमच तिकडे सरकतात, तिथेही उलटसुलटच फिरतात. पुंजभौतिकीच्या नियमानुसार तर जोडी एकाच वेळी अनेक वाटांवर थोडी थोडी असते. सगळ्या जोड्या अशा एकमेकींच्या वाटा वापरत राहतात, आणि या देवाणघेवाणीतून सगळ्यांची मिळून ऊर्जा आणखी खाली उतरते.

हे गणित आलं ते धातूंच्या अभ्यासातून. काही धातू खूप थंड केले की त्यांतून वीज विनाअडथळा वाहते, याला अतिवाहकता म्हणतात. त्याचं कारण इलेक्ट्रॉनांच्या जोड्या हे बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी १९५७ मध्ये मांडलं. पुढच्याच वर्षी ऑगे बोर, बेन मॉटेलसन आणि डेव्हिड पाइन्स यांनी लिहिलं की अणुकेंद्रकांतही हेच चाललेलं दिसतं. धातूचा तुकडा आणि केंद्रक यांच्या आकारात किती अंतर! तरी गणित एकच लागू पडलं. फरक आहे तो एवढा की केंद्रकातल्या जोडीचा पसारा खुद्द केंद्रकाइतका किंवा त्याहून मोठा निघतो. म्हणजे सगळ्या जोड्या एकमेकींत मिसळलेल्या. "ही बघ जोडी क्रमांक ३" असं बोट ठेवून दाखवता येत नाही.

तर मग "जोडी तुटते" म्हणजे काय? दोघींतली एक वाट बदलते. बस्स. ती केंद्रकातून बाहेर पडत नाही, कोणी पडवीवर जाऊन आदळत नाही. दोघी आतच असतात, पण आता वेगवेगळ्या वाटांनी. समोरासमोर येण्याचा लाभ गेला, हे एक नुकसान. दुसरं नुकसान जास्त सूक्ष्म आहे. या एकट्या पडलेल्या दोघींनी एकेक वाट अडवून धरली. आता दुसऱ्या जोड्यांना त्या वाटेवर सरकता येत नाही, कारण जोडीला सगळी वाट मोकळी लागते. एका जोडीच्या मोडण्याने सगळ्यांचीच देवाणघेवाण थोडी आखडते. म्हणून पहिली जोडी मोडायला जितकी किंमत पडते तितकी पुढच्या जोडीला पडत नाही.

पहिलीची किंमत किती? त्याचा एक साधा अंदाज आहे. केंद्रकातल्या कणांच्या एकूण संख्येचं वर्गमूळ काढा, १२ ला त्याने भागा, आणि जे येईल त्याची दुप्पट करा. १६० कणांच्या केंद्रकासाठी हे उत्तर १.९ एमईव्ही येतं. एवढी ऊर्जा दिल्याशिवाय जोडी हलत नाही. तोपर्यंत सगळं केंद्रक मिळून फिरतं किंवा थरथरतं, आतल्या वाटा मात्र जशाच्या तशा राहतात.

इथे पुतणीने विचारलं, "प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची आपसांत जोडी का नाही?" प्रश्न अगदी योग्य. एकटे असताना त्या दोघांचंच जमतं. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून ड्यूटेरियमचं केंद्रक बनतं, २.२ एमईव्हीने बांधलेलं. दोन न्यूट्रॉन किंवा दोन प्रोटॉन नुसते एकमेकांना बांधून ठेवू शकत नाहीत. पण जड केंद्रकांत न्यूट्रॉन प्रोटॉनांपेक्षा बरेच जास्त असतात, त्यामुळे सगळ्यांत वरच्या न्यूट्रॉनांच्या वाटा वेगळ्या आणि प्रोटॉनांच्या वेगळ्या. जोडीला एकच वाट हवी. म्हणून तिथे प्रोटॉनची जोडी प्रोटॉनशी आणि न्यूट्रॉनची न्यूट्रॉनशी. दोघांची संख्या सारखी असते तिथलं प्रकरण वेगळं, आणि त्यावर अजून वाद चालू आहे.

दीड-दोन एमईव्ही ही रक्कम नगण्य वाटत असेल तर कोकणच्या उत्तर टोकाला, पालघर जिल्ह्यात जाऊया. तारापूरच्या अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच १९६९ मध्ये सुरू झाले. तिथे जळतं ते युरेनियम-२३५. खाणीतून येणाऱ्या युरेनियममध्ये ते फक्त ०.७ टक्के असतं, बाकी जवळजवळ सगळं युरेनियम-२३८. दोन्हींत प्रोटॉन ९२. मग मंद न्यूट्रॉन आदळला की २३५ फुटतं आणि २३८ फुटत नाही, असं का?

२३५ मध्ये न्यूट्रॉन १४३ आहेत, म्हणजे एक एकटा. बाहेरून आलेला न्यूट्रॉन त्याचा जोडीदार होतो. जोडी जमली की तिच्या लाभाची ऊर्जाही केंद्रकात मोकळी होते. नुसत्या या पाहुण्याच्या येण्याने ६.५ एमईव्ही जमा होतात. २३८ मध्ये न्यूट्रॉन १४६, सगळे जोडीने. तिथे आलेला पाहुणा एकटाच राहतो आणि फक्त ४.८ एमईव्ही जमा होतात. केंद्रक ताणून दोन तुकडे व्हायला जो उंबरठा ओलांडावा लागतो तो दोन्हींत ६ च्या आसपास आहे. एक उंबरठा ओलांडतं, दुसरं अलीकडेच थांबतं. या पावणेदोन एमईव्हीच्या फरकातला मोठा वाटा जोडीचा आहे. मंद न्यूट्रॉनने फुटणारी दुसरी नावं बघा: युरेनियम-२३३ मध्ये न्यूट्रॉन १४१, प्लुटोनियम-२३९ मध्ये १४५. सगळे विषम. आणि भारताच्या भविष्यातल्या योजनांचा आधार असलेलं थोरियम-२३२? त्यात न्यूट्रॉन १४२, सम. म्हणून ते थेट जळत नाही. आधी न्यूट्रॉन पाजून त्याचं युरेनियम-२३३ करावं लागतं.

आमच्या जिल्ह्यात जैतापूरच्या प्रकल्पावरून किती वर्षं बोलणं चालू आहे. बाजूने बोलणाऱ्यांनी आणि विरोधात बोलणाऱ्यांनी, दोघांनीही हा सम-विषमचा हिशोब एकदा समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. इंधन कोणतं चालतं आणि कोणतं नाही, हे इथेच ठरतं.

आता फिरण्याकडे येते, कारण पुतणीचा मूळ प्रश्न तोच.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या जवळ किनाऱ्याला लागलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या सुपारीच्या आणि नारळाच्या बागा आडव्या झाल्या. ते वादळ भोवऱ्यासारखं गोल का फिरत होतं? कमी दाबाच्या मध्याकडे धावणारा वारा सरळ गेला असता तर भोवरा झालाच नसता. पण पृथ्वी स्वतः फिरते आहे. फिरत्या पृथ्वीवर धावणारा वारा उत्तर गोलार्धात उजवीकडे वळतो, आणि मध्याभोवती घड्याळाच्या उलट्या दिशेचं चक्र तयार होतं. वळवणाऱ्या या परिणामाला कोरिऑलिस बल म्हणतात. जे फिरत्या वस्तूवर चालतं आहे त्याला ते जाणवतं.

सगळं केंद्रक फिरू लागलं की आतल्या कणांनाही हेच बल जाणवतं. तुळशीभोवतीच्या जावांचं खळंच फिरू लागलं अशी कल्पना करा. एक जण खळ्याच्याच दिशेने चालते आहे, तिला पाठीमागून वारा. दुसरी उलट दिशेने, तिला समोरून. खळं हळू फिरतंय तोवर उलट चालणारी तग धरते, कारण समोरासमोर येण्याचा लाभ मोठा आहे. वेग वाढत गेला की एका क्षणी तिचा हिशोब उलटतो. ती वळते आणि खळ्याच्या दिशेनेच चालू लागते. जोडी मोडली. हात सुटून कोणी बाहेर फेकलं गेलं नाही. उलट चालणारी सुलट चालू लागली, एवढंच झालं.

असं होणार हे आधी माहीत होतं का? अर्धवट. मॉटेलसन आणि व्हॅलाटिन यांनी १९६० मध्येच म्हटलं होतं की पुरेशा वेगाने फिरवलं तर केंद्रकातला सगळाच जोड्यांचा कारभार कोसळेल, जशी तीव्र चुंबकीय क्षेत्रात धातूची अतिवाहकता जाते. १९७१ मध्ये स्टॉकहोमला जॉन्सन, रीडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना डिस्प्रोसियम-१६० च्या मोजमापांत एक विचित्र वळण दिसलं. सगळं कोसळल्याचीच ही खूण, असं आधी वाटलं. पण १९७२ मध्ये स्टीफन्स आणि सायमन यांनी वेगळं स्पष्टीकरण दिलं: सगळ्या जोड्या नव्हे, एकच जोडी मोडली आहे. ज्या वाटेवर कोनीय संवेग सर्वांत जास्त, तिथली न्यूट्रॉनांची जोडी. कोरिऑलिस बल तिच्यावर सर्वांत जास्त चालतं, म्हणून ती पहिली वळते. हेच स्पष्टीकरण टिकलं.

ते वळण कसं दिसतं, ते आकड्यांतच पाहण्यासारखं आहे. कथील-१२२ च्या पातळ पत्र्यावर आर्गॉन-४० चे कण वेगाने आदळवले की दोन्ही एकजीव होतात, चार न्यूट्रॉन बाहेर उडतात आणि उरतं अर्बियम-१५८. आर्गॉन बरोबर मध्यावर न बसता बाजूने बसला की नवं केंद्रक भिंगरीसारखं फिरत जन्माला येतं. मग ते गॅमा किरण सोडत पायरी पायरीने मंदावतं. प्रत्येक पायरीला कोनीय संवेगाचे दोन एकक कमी होतात, आणि गॅमा किरणाची ऊर्जा त्या पायरीवरच्या फिरण्याच्या वेगाचं माप देते. अर्बियम-१५८ च्या पायऱ्या खालून वर मोजत गेलं तर हजार इलेक्ट्रॉनव्होल्टच्या मापात या ऊर्जा साधारण अशा येतात: १९२, ३३५, ४४३, ५२३, ५७९, ६०८, ५१०, ४७३, आणि तिथून पुढे पुन्हा चढत जातात.

थांबून बघा. ६०८ पर्यंत सगळं शहाण्यासारखं चाललं आहे. कोनीय संवेग वाढतो तसा वेगही वाढतो. सहाव्या पायरीला केंद्रक सेकंदाला सुमारे ७ लाख कोटी कोटी फेऱ्या घेतं आहे. आणि पुढच्या पायरीला कोनीय संवेग आणखी वाढूनही वेग कमी! चाकाला जास्त फिरवावं आणि ते हळू फिरावं, असं हे. कारण तिथे ती जोडी वळली. त्या वाटेवरच्या एका न्यूट्रॉनपाशी कोनीय संवेगाचे १३/२ एकक, आणि दोघे अगदी एकसारख्या अवस्थेत राहू शकत नाहीत म्हणून दुसऱ्यापाशी ११/२. दोघे मिळून १२ एककांपर्यंत भर टाकू शकतात. एवढा वाटा दोघांनीच उचलल्यावर बाकीच्या केंद्रकाला जोरात फिरायची गरज उरत नाही, ते सैलावतं. आलेख काढला तर रेघ पुढे जाता जाता मागे वळते. या घटनेचं इंग्रजी नावही पाठीमागे वळण्यावरूनच पडलं आहे.

हे गॅमा किरण टिपायला डोळे लागतात ते जर्मेनियमच्या स्फटिकांचे, द्रव नायट्रोजनमध्ये थंडगार ठेवलेले. आपल्याकडे चार-चार स्फटिक पाकळ्यांसारखे एकत्र बसवलेले शोधक वापरतात. असे दोन डझन शोधक भोवती मांडून एक मोठी भारतीय यंत्रणा उभी राहिली आहे. ती मुंबई, दिल्ली आणि कोलकाता इथल्या त्वरकांजवळ, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्रांजवळ, आळीपाळीने लावली जाते. त्यांतलं मुंबईचं ठिकाण म्हणजे कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था. पेलेट्रॉन नावाचा १४ दशलक्ष व्होल्टचा त्वरक तिथे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगते की तुमच्याच समुद्राच्या काठावर, बोटीने गेलात तर उत्तरेला एका दिवसाच्या आत, लोक जोड्या मोडताना बघत बसले आहेत. तिथे जायला परदेशी जावं लागत नाही.

केंद्रक न फिरवताही जोडी मोडता येते: तापवून. इथे "तापवणं" म्हणजे ऊर्जा देणं आणि ती आतल्या कणांत कशीही वाटली जाऊ देणं. ऑस्लो विद्यापीठाच्या सायक्लोट्रॉन नावाच्या त्वरकावर हीलियम-३ चे कण मारून डिस्प्रोसियम-१६१ आणि १६२, तसंच यटर्बियम-१७१ आणि १७२ यांचे असे प्रयोग झाले. दिलेल्या ऊर्जेला केंद्रक किती वेगवेगळ्या प्रकारे राहू शकतं, म्हणजे त्या टप्प्यात ऊर्जेच्या किती पातळ्या आहेत, हे त्यांनी मोजलं.

सम-सम केंद्रकात सुरुवातीला पातळ्या विरळ असतात. ऊर्जा जोडी मोडण्याच्या किमतीपर्यंत पोचली की पातळ्यांची संख्या झपकन वाढते. सुट्या झालेल्या दोन कणांना कितीतरी वाटा मोकळ्या असतात, म्हणून. आणखी वर गेलं की दुसरी जोडी, मग तिसरी. शेजारच्या विषम केंद्रकात आधीपासूनच एक सुटा कण असतो, त्यामुळे तिथे त्याच ऊर्जेला पातळ्या साधारण पाच ते सात पट भरतात. एका सुट्या कणाची किंमत अशी सरळ मोजता यावी, हे मला फार सुंदर वाटतं.

जोड्यांचा कारभार ओसरतो ते तापमान निघालं सुमारे ०.५ एमईव्ही, म्हणजे जवळपास ५८० कोटी केल्विन. सूर्याच्या गाभ्याचं तापमान दीड कोटी केल्विन आहे. पण ओसरतो म्हणजे एका क्षणात नाही. धातूची अतिवाहकता ठरलेल्या तापमानाला खटकन जाते. केंद्रकाच्या उष्माधारकतेच्या, म्हणजे तापमान वाढवायला किती ऊर्जा लागते त्याच्या, आलेखात मात्र तीक्ष्ण टोक येत नाही, इंग्रजी एस अक्षरासारखी एक लपेट येते. फरक गर्दीचा आहे. आंगणेवाडीच्या जत्रेत लाखो माणसं असतात, तिथून एक जोडपं घरी गेलं तर जत्रेला कळतही नाही. आमच्या खळ्यात बारा बायका खेळत असल्या आणि त्यांतल्या दोघी उठून गेल्या तर खेळ लगेच बदलतो. धातूत जोड्यांची जत्रा असते. केंद्रकात जोड्यांच्या देवाणघेवाणीत खरा भाग घेणारे कण मूठभर, त्यामुळे प्रत्येक जोडीचं मोडणं वेगवेगळं दिसतं आणि बदल पायऱ्या पायऱ्यांनी होतो. उकळत्या पाण्यासारखा "आता झालं" असा क्षण इथे शोधूनही सापडत नाही.

फुगड्या थांबल्या होत्या. बायका पानाचं तबक घेऊन ओटीवर बसल्या होत्या. पुतणीला एकच विचारायचं राहिलं होतं: आधी प्रोटॉनांची जोडी मोडते की न्यूट्रॉनांची? जी जोडी जास्त कोनीय संवेगाच्या वाटेवर आहे ती, मी म्हटलं. अर्बियम-१५८ मध्ये पहिली न्यूट्रॉनांची. कोनीय संवेग दुप्पट वाढून २८-३० च्या घरात गेला की आलेखात आणखी एक वळण येतं. ते प्रोटॉनांच्या जोडीचं, ११/२ च्या वाटेवरच्या.

तिने गौरीपुढची उरलेली रांगोळी चिमटीत घेतली आणि सारवलेल्या जमिनीवर, फुगडीच्या पायांनी उमटलेल्या गोलाच्या शेजारी, ते आठ आकडे एकाखाली एक काढले. मग ६०८ आणि ५१० यांच्यामध्ये बोट टेकवलं.

"इथे वळली," ती म्हणाली.